सटवाजीचं कुंपण

अश्वजितनं देशोदेशीच्या लोकांशी बोलायच्या हॅम रेडिओची अँटेना म्हणून लांब तार घरापासून पल्याडच्या चिंचेपर्यंत ओढली, आणि शेजारच्या सटवाजीनं ती कोयत्यानं तोडली. "तुमच्या लोकांची तार आमच्या रानावरून? जमायचं न्हाई." वर लातूरहून काटेरी तार आणून सगळ्या रानाला बाभळीच्या मेढींवर कुंपण घातलं. अश्वजितनं तुटलेली तार गुंडाळून घरी नेली.

वर्षभरानं तो स्वतःहून बांधावर गेला. "काका, कुंपण लई ढिलं पडलंय. डुकरं घुसतील."

सटवाजीनं दिवसभर खपून तार घट्ट ताणली.

दिवस मावळताच अश्वजितनं रोजच्यासारखी रेडिओची वायर हळूच त्या कुंपणाला जोडली. जपानचा गडी आज शेजारी बसून बोलावं तसा ऐकू आला. "अँटेना झकास आहे. बांधली कुणी?"

"शेजाऱ्यानं," अश्वजित म्हणाला. "आजच ताणूनही दिली."