खरं रडणं

"आई, टोपी नको घालूस, केस विस्कटतील," विद्याधर कुजबुजला.

"केसांचं काय घेऊन बसलास? तुझं दुःख अनुभवायला आलोय आम्ही," आई म्हणाली. मुलाच्या सिनेमाला ती अख्खं भजनी मंडळ घेऊन आली होती. थिएटरात प्रत्येक प्रेक्षकाला एक तारांची टोपी दिली होती; शूटिंगच्या वेळी नटाला जे वाटलं, तेच ती टोपी घालणाऱ्याला वाटणार होतं. "आईच्या चितेपुढे रडतो ना, ते खरं रडणं आहे हो. ग्लिसरीन नाही लावत माझा विदू," तिने बायकांना सांगितलं.

रडणं खरंच होतं. त्या दिवशी विद्याधर उसाचा रस जरा जास्तच प्यायला होता, आणि नेसवलेलं धोतर सुटेल म्हणून दिग्दर्शकाने त्याला लघवीला जाऊच दिलं नव्हतं.

पडद्यावर चिता पेटली, विद्याधरला रडू फुटलं आणि सगळं थिएटर उठून बाथरूमकडे धावलं. पेटीवाल्या आपटेकाकू सर्वांत पुढे होत्या.

आई तेवढी बसून राहिली. विद्याधरला मान वर करवेना. तिने टोपी काढून त्याच्या मांडीवर ठेवली आणि गुडघे आवळून उठत म्हणाली, "माझ्या वेळेला तरी आधी जाऊन ये हो, बाळा."