पलीकडची थाळी

“दिवा लागला की उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही, कुणी का हाक मारेना.” आई कायमची जाताना चंद्रीला एवढंच सांगून गेली. तेव्हापासून घरात चंद्रीच मोठी.

देवापुढे दिवा लावून तिने रेडिओ सुरू केला. त्यावरची ताई आईबापावेगळ्या लेकरांच्या घरांसाठी रोज बोलायची. तापाला काय करावं, रेशन कुठे मागावं. तिनेच रीत लावून दिली होती. कार्यक्रम संपला की थाळी वाजवायची आणि शेजारच्या घराने उत्तर द्यायचं. उत्तर आलं नाही, तर जाऊन बघायचं. ‘बघशील ना गं?’ गावात आली होती तेव्हा ताईने विचारलं होतं, आणि तिच्या माईकसमोर चंद्रीने ‘हो’ म्हटलं होतं.

ओढ्यापलीकडच्या शेजारच्या घरात सरजी आपल्या दोन बहिणींना सांभाळायची. कालच पाणवठ्यावर म्हणाली, “कुणी मामा आलाय. आईनं कधी नाव नव्हतं घेतलं बाई त्याचं. म्हणतो, पोरींना शहरात कामाला लावतो.”

कार्यक्रम संपला. चंद्रीने थाळी वाजवली. पलीकडून काहीच आलं नाही. तिने पुन्हा वाजवली, जोरात. सरजीच्या घरात दिवा नव्हता. दारात मात्र एक जीप उभी होती.

“निजली असंल गं, अक्का,” धाकटी बहीण म्हणाली. “आई काय बोलली होती, विसरलीस?”

“नाही विसरले. तू कडी घाल. माझी थाळी वाजली तरच उघड.”

चंद्रीने दिव्याला हात जोडले, थाळी काखेत धरली आणि उंबरा ओलांडला.