काकडीची चकती

गंगेकाठच्या आमच्या पोलीस ठाण्यात ठाणेप्रमुख बडेबाबूंनी काचेच्या टाकीत हौसेने पाणवनस्पती लावल्या, आणि त्या रोपांबरोबर गोगलगायी आल्या. आता पानापानावर त्याच. सकाळी हवालदार तारक चिमट्याने एकेक उपसत बसला, तसे बडेबाबू खेकसले, “अरे माकडा, असं हुडकत बसलास तर जन्म जाईल! त्यांचा जीव कशात आहे ते ओळखायचं आणि पुढ्यात ठेवायचं. वाळूत दडलेल्यासुद्धा आपण होऊन येतात.”

टाकीत सोडलेली काकडीची चकती त्यांनी संध्याकाळी वर काढली. ती गोगलगायींनी गच्च भरली होती. बडेबाबूंनी ती फरशीवर आपटली आणि बुटाखाली कचाकचा चिरडली.

तेवढ्यात फोन वाजला. “सार, फरारी निताई आला! आईला अग्नी द्यायला थेट घाटावर. तिथंच उडवला.”

“बघितलंस?” बूट पुसत बडेबाबू तारकला म्हणाले.

परवापासून कोठडीत बसवून ठेवलेली निताईची आई गजांशी आली. “बाबू, आता तरी घरी सोडा हो. मी मेल्याची आवई उठलीय म्हणे गावात. माझ्या निताईनं ऐकलं, तर रडून रडून जीव देईल तो.”