खुर्चीचा ताबा

शेवंताबाईनं भाडेकरूच्या कुलपावर वरवंटा उगारताच हवालदार हसला. "मावशी, फोडलंत तर गुन्हा तुमच्यावर. आत त्याचं सामान आहे."

"सामान? एक मोडकी खुर्ची ठेवून पळालाय मेला, चार महिने झाले! फोन केला की म्हणतो, 'काकू, उद्या येतो.'"

"मग कोर्टात जा," म्हणत तो गेला.

खोली तिची, घरपट्टी तिची, आत राहायचा हक्क मात्र खुर्चीला! आणि बाळंतपणाला माहेरी आलेली लेक स्वयंपाकघरात सिलिंडरशेजारी चटईवर.

तिनं पुन्हा वरवंटा उचलला. लेकीनं मनगट धरलं. "आई, तुला आत टाकलं तर माझं कोण करणार गं?"

शेवंताबाई पाट्याशी जाऊन बसली. त्याच वरवंट्यानं लेकीच्या लाडवांसाठी तळलेला डिंक रगडू लागली.