जिनिंगमधला फोटो

सेलूतली बंद पडलेली कापसाची जिनिंग आता हॉटेल झाली होती आणि रविवारी सगळा गाव तिथं फिरायला जायचा. नवी सून प्रियांका सासऱ्यांना, आश्रुबांना, हट्टानं घेऊन गेली. सासू सुमन याच जिनिंगमध्ये कामाला होती; प्रियांकाच्या लग्नाआधीच ती वारली होती, घरात तिचा धड फोटोही नव्हता. हॉटेलच्या भिंतीवर मात्र जिनिंगमधल्या कामगार बायांचा मोठा फोटो लावला होता.

कापसाचं तूस नाकात जाऊ नये म्हणून सगळ्या बायांनी डोळ्यांखाली घट्ट पदर बांधलेला.

"मामा, यातल्या आत्याबाई कोणत्या?"

आश्रुबांनी पुष्कळ पाहिलं. सगळ्यांचे डोळे सारखेच दिसायला लागले. सून तर वाट पाहत उभी. शेवटी त्यांनी मधल्या बाईवर बोट ठेवलं. प्रियांकानं डोक्यावर पदर घेतला, फोटोच्या पाया पडली आणि डोळे पुसत चहा सांगायला गेली.

बाजूच्या बाकावरची म्हातारी उठून जवळ आली.

"दाजी, जित्या बाईचं दर्शन घ्यायला लावलंत की सुनंला! ती मी हाय, कौसाबाई. सुमनच्या जोडीला होते कामाला."

आश्रुबांची मान वर होईना.

"पोरीला सांगू नका, बाई," ते हळूच म्हणाले. "पण आमची कोणती, तेवढं दाखवा."