बीएचा पेपर

विहिरीवर पाणी भरण्यावरून झालेल्या मारामारीत वच्छलाचा मुलगा उत्तम तुरुंगात गेला, पण तिथेही त्याने बीएचा अभ्यास सोडला नाही. परीक्षेच्या दिवशी ती सौंसरहून पहिल्या बसने छिंदवाड्याच्या कॉलेजात पोचली. पेपर वाटून झाले, तरी उत्तमला तुरुंगातून परीक्षेला घेऊन आलेला पोलीस त्याची हातकडी काढेना. "साहेब, तो लिहीन कसा?" तिने विचारले. "पळाला तं माझी नोकरी जाईन. अन् कैद्याले डिगरी कायले पाहिजे?" वच्छलाच्या अंगाची लाही झाली. "माहं पोरगं शिकून राहिलं तं तुमच्या पोटात दुखते? घाला ते बेडी माह्या हातात! तो पळाला तं मले न्या जेलात!" तिने दोन्ही मनगटं पुढे केली. पोलिसाने चिडून खरेच हातकडी काढून तिला व्हरांड्यात खिडकीच्या गजाला अडकवले. आत उत्तम लिहू लागला. बाहेर ती येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक प्राध्यापकाकडे रोखून पाहत राहिली.