पेटीवरचं अक्षर

आमची पेटी ज्वारीच्या रानात अर्धी रुतली होती. ताऱ्यांकडून येणारे क्ष-किरण टिपायला आम्ही ती फुग्याला बांधून एक लाख तीस हजार फुटांवर पाठवली होती. उतरताना पॅराशूट उघडलंच नाही.

जीप थांबायच्या आत मी उडी मारून पेटीपाशी पोचलो. "कुणी उघडली तर नाही ना?" मी विचारलं. जमलेल्यांपैकी एक माणूस पेटीपाशी उकिडवा बसला होता. झाकणाचं सील शाबूत होतं, म्हणजे आतली नोंदींची टेपही असणार. माझी सहा वर्षं त्या टेपवर होती, आणि पुढची सगळी कारकीर्दही तिच्यावरच उभी राहिली. मी चक्क हसलो.

मग बांधाजवळची घोंगडी दिसली. घोंगडीबाहेर एका बाईची पावलं होती, बोटांत जोडवी. ती कणसं खुडत असताना पेटी तिच्यावर पडली होती. पेटीपाशी बसलेला तो माणूस तिचा नवरा होता, हे मला तेव्हा कळलं.

गावकऱ्यांनी घाबरून मोडतोड करू नये म्हणून मी शाईने लिहून पेटीवर एक कागद चिकटवला होता. त्यावर बोट ठेवून तो अक्षर अक्षर लावत वाचू लागला, "या यंत्रापासून कुणालाही धोका नाही."

वाचून झाल्यावर त्याने वर पाहिलं. "हे कुणी लिहिलं, साहेब?"

"ऑफिसातून लिहून येतं," मी म्हणालो.

दुपारी पंचनामा झाला. तो शेजारीच उभा होता. त्याला अक्षर ओळखू येऊ नये म्हणून माझा जबाब मी इंग्रजीत लिहून दिला.